गैरहजेरी, नोंद आणि शोध : टिफनी डी. जॅक्सन यांच्या ‘मंडेज् नॉट कमिंग’ या कादंबरीचा अभ्यास

प्रास्ताविक

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी कादंबरीत ‘शोध’ हे एक रुळलेले कथासूत्र आहे. कोणीतरी हरवते, एखादे धाडसी मूल त्याचा माग काढू लागते, मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले धागेदोरे त्याच्या हाती लागतात आणि अखेरीस हरवलेली व्यक्ती सापडते किंवा निदान रहस्याचा उलगडा होतो. या सूत्रात एक गृहीत दडलेले असते. हरवलेली व्यक्ती हरवली आहे, हे सर्वांनाच मान्य असते. शंका असते ती फक्त ती कोठे आहे याविषयी.

अमेरिकन लेखिका टिफनी डी. जॅक्सन यांची ‘मंडेज् नॉट कमिंग’ ही कादंबरी (२०१८) या गृहीतालाच हात घालते. येथे क्लॉडिया नावाची शाळकरी मुलगी आपल्या बेपत्ता मैत्रिणीला शोधते. परंतु मैत्रीण बेपत्ता आहे हेच तिच्याशिवाय कोणाला मान्य नाही. त्यामुळे तिचा शोध दुहेरी होतो. मैत्रीण कोठे आहे हे तिला शोधावयाचे आहेच, पण त्याआधी ती ‘नाही’ हे सिद्ध करावयाचे आहे. या कादंबरीला २०१९ मध्ये कोरेटा स्कॉट किंग पुरस्कारांतर्गत नवोदित लेखकांसाठी दिला जाणारा जॉन स्टेप्टो पुरस्कार प्राप्त झाला.

एखादी व्यक्ती बेपत्ता ‘ठरते’ ती केव्हा आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या प्रश्नाच्या आधारे सदर कादंबरीचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साहित्य, समाजशास्त्र, कायदा आणि शिक्षण या चारही अभ्यासशाखांशी हा प्रश्न संबंधित असल्याने कादंबरीबरोबरच तिच्या मागे उभ्या असलेल्या वास्तवाचाही येथे विचार केला आहे.

कथानकाची रूपरेषा

कादंबरीचे स्थळ वॉशिंग्टन शहराचा आग्नेय भाग हे आहे. अमेरिकेच्या राजधानीचा हा भाग संसद आणि अध्यक्षांचे निवासस्थान यांपासून काही मैलांवरच असला, तरी पर्यटकांच्या नकाशात तो क्वचितच येतो. येथील वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आहे. क्लॉडिया कोलमन ही निवेदिका स्थिर, धर्मनिष्ठ आणि प्रेमळ घरातील एकुलती एक मुलगी आहे. तिची जिवलग, किंबहुना एकमेव मैत्रीण मंडे चार्ल्स ही ‘एड बरो’ या सरकारी गृहवसाहतीत आई आणि भावंडांसह राहते. ही वसाहत काल्पनिक असली, तरी तिच्यासारख्या वसाहती त्या शहरात प्रत्यक्षात होत्या आणि आहेत.

उन्हाळ्याची सुट्टी जॉर्जिया राज्यात आजीकडे घालवून क्लॉडिया परत येते. सुट्टीत तिने पाठविलेल्या पत्रांना उत्तर आलेले नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी मंडे वर्गात नसते. दुसऱ्या दिवशीही नसते, आठवडा उलटला तरी नसते. मागील वर्षी शाळेत उठलेल्या अफवा, वर्गातील छळ आणि अभ्यासाची भीती यांना क्लॉडियाला एकटीने तोंड द्यावे लागते. मैत्रीण आपल्याला अशी सोडून जाणार नाही, एवढ्या एकाच खात्रीवर तिचा शोध सुरू होतो.

शोधाचा शेवट भीषण आहे. मंडे आणि तिचा धाकटा भाऊ ऑगस्ट यांचे मृतदेह त्यांच्या राहत्या घरातील फ्रीझरमध्ये आढळतात. मुलांचा मृत्यू आईच्या हातून झालेला असतो. ज्या दाराशी क्लॉडिया चौकशीसाठी उभी राहिली होती, त्याच दाराआड तिची मैत्रीण होती, हे सत्य तिच्या मनाला पेलवत नाही. कादंबरीच्या रचनेचे मर्म या न पेलवण्यात आहे.

चार दारे, चार उत्तरे

क्लॉडिया ज्या ज्या ठिकाणी जाते, तेथे तिला नकार मिळत नाही, उत्तर मिळते. हा तपशील महत्त्वाचा आहे. नकार मिळाला असता तर संशय बळावला असता. उत्तर मिळाल्यामुळे प्रश्नच संपल्यासारखा होतो.

पहिले दार मंडेच्या घराचे. तिची आई सरळ उत्तर देत नाही. मुलगी कधी वडिलांकडे असते, तर कधी नात्यातल्या बाईकडे. थोरली बहीण एप्रिल याहून अधिक काही सांगत नाही. ही उत्तरे परस्परविरोधी आहेत, पण प्रत्येक उत्तर सुटे घेतले तर शक्य कोटीतील आहे. विभक्त आईवडिलांची मुले या घरातून त्या घरात राहतात, हे त्या वस्तीत नवलाचे नाही. विसंगती दिसण्यासाठी दोन्ही उत्तरे एकाच व्यक्तीने ऐकली पाहिजेत. ती ऐकणारी एकटी क्लॉडिया आहे.

दुसरे दार शाळेचे. शाळेच्या दृष्टीने विद्यार्थी हजर असतो, गैरहजर असतो किंवा पटावरून कमी झालेला असतो. पालकाने कारण दिले की गैरहजेरीचा प्रश्न कार्यालयापुरता मिटतो. मुलीची काळजी वाटणाऱ्या शिक्षिका कादंबरीत आहेत. परंतु एका शिक्षिकेची काळजी आणि संस्थेची कृती यांमध्ये अर्ज, नोंदी आणि अधिकारकक्षा यांची लांबलचक वाट आहे.

तिसरे दार पोलिसांचे. तेथील अधिकारी क्लॉडियाला हाकलून देत नाही. तो तिला भिंतीवर लावलेली बेपत्ता मुलांची छायाचित्रे दाखवतो. इतकी मुले हरवलेली असताना, जिच्याबद्दल घरच्यांनी तक्रारही केलेली नाही त्या मुलीचा शोध कसा घ्यावा, असा त्याच्या वागण्याचा अर्थ होतो. येथे लेखिकेने पोलिसांना खलपुरुष केलेले नाही. ती भिंत खरी आहे आणि त्या भिंतीवर मंडेचे छायाचित्र नाही, हेही खरे आहे.

चौथे दार क्लॉडियाच्या स्वतःच्या घराचे. तिचे आईवडील तिच्यावर जीव लावतात, पण दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये या सभ्य संकेताने तेही बांधलेले आहेत. शिवाय आपल्या मुलीने त्या बदनाम वसाहतीकडे फिरकू नये, अशी त्यांची रास्त इच्छा आहे. चांगली माणसेही शोधाच्या आड कशी येऊ शकतात, हे या दारापाशी सर्वाधिक स्पष्ट होते.

मंडेला शेवटचे कधी पाहिले, हे कोणालाही निश्चित आठवत नाही. प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल. अनुपस्थितीची जबाबदारी अशा प्रकारे सर्वांमध्ये वाटली जाते आणि त्यामुळे ती कोणाचीच उरत नाही.

मैत्री : जाणणारी आणि झाकणारी

क्लॉडियाला जे कळते ते इतरांना का कळत नाही? कारण तिचे ज्ञान निराळ्या प्रकारचे आहे. मंडे तिच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. इतरांसाठी मंडेची गैरहजेरी ही एक माहिती आहे, क्लॉडियासाठी ती दिवसातील प्रत्येक तासाला जाणवणारी उणीव आहे. परंतु हे ज्ञान कोणत्याही नमुन्यातील अर्जात बसत नाही. आई, वडील, पालक, शिक्षक, डॉक्टर यांच्यासाठी अर्जात रकाने असतात, मैत्रिणीसाठी नसतो. तिने दिलेली ग्वाही ‘पोरीबाळींचे रुसवेफुगवे’ या सदरात जमा होते.

मात्र लेखिका मैत्रीचे निव्वळ गौरवीकरण करून थांबत नाही. क्लॉडियाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरवाचनात तिला मोठी अडचण येते. ही गोष्ट इतकी वर्षे उघडकीस आलेली नसते, कारण मंडे तिला सांभाळून घेत असते. मंडे नाहीशी झाल्यावर क्लॉडियाची गुणपत्रिका घसरते आणि तेव्हा कोठे शाळेला तिची अडचण दिसते. मैत्रिणीने प्रेमापोटी जी त्रुटी झाकली, तीच मदत मिळण्याच्या आड आली होती.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मंडेच्या घरात काय चालते याची पुसट जाणीव क्लॉडियालाही होती. मैत्रिणीने न सांगितलेले विचारू नये आणि सांगितलेले कोणापाशी बोलू नये, हा किशोरवयीन मैत्रीचा अलिखित नियम तिनेही पाळला. दोघी मुलींनी एकमेकींना जगापासून वाचविले आणि त्याच वेळी जगाची मदतही एकमेकींपर्यंत पोहोचू दिली नाही. ‘ती माझी सर्वात जवळची मैत्रीण होती, मग मला कसे कळले नाही?’ हा प्रश्न क्लॉडियाला छळतो, तो यामुळेच. शोधाच्या कथेत शोधणाऱ्याचीच झडती घेतली जाते, हे या कादंबरीचे वेगळेपण होय.

मोडलेला कालक्रम

मंडे, एप्रिल, ऑगस्ट आणि सर्वात धाकटी ट्यूजडे. चार्ल्स कुटुंबातील मुलांची नावे वार आणि महिने यांवरून ठेवलेली आहेत. या नावांमुळे कुटुंबाला दिनदर्शिकेचे रूप येते आणि कादंबरीत मोडते ती नेमकी दिनदर्शिकाच. प्रकरणांची विभागणी ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘पूर्वीच्या एक वर्ष आधी’, ‘पूर्वीच्या दोन वर्षे आधी’ अशा शीर्षकांनी केलेली आहे. हे काळ एकमेकांत मिसळतात. आपण एकाच वर्षातील घटना वाचत आहोत अशी वाचकाची समजूत होते. अखेरीस लक्षात येते की ‘नंतर’चा भाग बऱ्याच पुढच्या काळातील आहे. मैत्रिणीच्या मृत्यूचे सत्य क्लॉडियाला पूर्वीच कळले होते, तिच्या मनाने ते पुसून टाकले होते आणि ती पुन्हा पुन्हा शोधाच्या आरंभापाशी येत होती.

या रचनेविषयी वाचकांत मतभेद आहेत. काहींना ती गोंधळात टाकणारी, तर काहींना रहस्य लांबविण्याची क्लृप्ती वाटते. हा आक्षेप पूर्णतः नाकारता येत नाही. पहिल्या वाचनात काळाचे धागे जुळवणे कठीण जाते. तथापि या गोंधळाला आशयाचा आधार आहे. तीव्र मानसिक आघातानंतर स्मृती सलग राहत नाही, तिचे तुकडे होतात, ही बाब मानसशास्त्रात परिचित आहे. क्लॉडियाची दिनदर्शिका मंडेच्या अखेरच्या भेटीपाशी थांबली आहे. संस्थांनी मंडेला विसरणे आणि क्लॉडियाने तिचा मृत्यू विसरणे या दोन विस्मृती कादंबरीत समोरासमोर ठेवलेल्या आहेत. पहिली विस्मृती उदासीनतेची आहे, दुसरी असह्य वेदनेची.

कादंबरीमागील वास्तव

मुले नाहीशी होतात आणि अनेक महिने कोणाला कळत नाही, ही कल्पना वाचकाला अतिशयोक्त वाटण्याची शक्यता आहे. दुर्दैवाने तसे नाही. कादंबरीशी निकटचे साम्य असलेल्या दोन घटना अमेरिकेत घडलेल्या आहेत.

पहिली घटना वॉशिंग्टनच्या आग्नेय भागातीलच आहे. ९ जानेवारी २००८ रोजी घर रिकामे करण्याच्या हुकमाची अंमलबजावणी करण्यासाठी गेलेल्या अधिकाऱ्यांना एका घरात चार बहिणींचे मृतदेह आढळले. मृत्यू कित्येक महिन्यांपूर्वी झालेले होते. येथे कोणालाच शंका आली नव्हती असे नाही. थोरली मुलगी शाळेत येईनाशी झाल्याने २००७ च्या वसंतात शाळेतील एका समाजकार्यकर्तीने बालसंरक्षण विभागाला आणि पोलिसांना कळविले होते. चौकशीसाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांना दार उघडले गेले नाही. पुढे हे कुटुंब शेजारच्या मेरिलँड राज्यात गेले असावे अशा समजुतीने प्रकरण बंद करण्यात आले. घटना उघडकीस आल्यावर तत्कालीन महापौर एड्रियन फेन्टी यांनी बालसंरक्षण विभागातील सहा कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केले. २००९ मध्ये मुलींच्या आईला १२० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

दुसरी घटना मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराची. २४ मार्च २०१५ रोजी तेथेही घर रिकामे करून घेण्यासाठी गेलेल्या बेलिफांना फ्रीझरमध्ये दोन भावंडांचे मृतदेह सापडले. मुलांना आपण घरीच शिकवितो, असे आईने शाळेला भासविले होते. मिशिगनमध्ये मुलांना घरी शिकविणाऱ्या पालकांनी शासनाला तसे कळविण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे शाळेच्या पटावरून नाव कमी झाले आणि मुलांचे पुढे काय झाले हे विचारणारी यंत्रणाच उरली नाही. आईला जन्मठेप झाली.

या दोन्ही घटनांत एक विदारक समानता आहे. मुलांचा तपास तडीस गेला नाही. तडीस गेला तो घराच्या ताब्याचा प्रश्न. घराच्या ताब्याविषयीची व्यवस्था दारातून आत गेली, मुलांच्या जिवाविषयीची व्यवस्था दाराबाहेरून परतली. भाडे थकल्याची नोंद आपोआप पुढे सरकते, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते आणि तिची परिणती प्रत्यक्ष कारवाईत होते. मूल न दिसल्याची नोंद मात्र एखाद्या सुसह्य खुलाशापाशी थांबते.

वस्तीचे स्थित्यंतरही येथे लक्षात घ्यावे लागते. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ७१ टक्के होते, २०२० च्या जनगणनेत ते सुमारे ४१ टक्क्यांवर आले. महागड्या इमारती उभ्या राहिल्या, जुन्या सरकारी गृहवसाहती पाडून नव्याने बांधण्याच्या योजना आल्या. १९९२ मध्ये सुरू झालेला ‘होप सिक्स’ हा केंद्रीय कार्यक्रम अशा पुनर्विकासाचे प्रमुख साधन होता. कादंबरीतील एड बरोवरही पुनर्विकासाचे सावट आहे. ज्या वस्तीतून कुटुंबे सतत बाहेर पडत असतात, तेथे ‘ते लोक दुसरीकडे राहायला गेले’ हे उत्तर कोणालाही खोटे वाटत नाही. एका मुलीचे नाहीसे होणे अशा वेळी संपूर्ण वस्तीच्या नाहीसे होण्यात मिसळून जाते.

‘बेपत्ता’ आणि ‘पळून गेलेली’

अमेरिकन कायद्यात बेपत्ता मुलांविषयी तरतुदी नाहीत असे नव्हे. १९८४ मध्ये बेपत्ता व शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. १९९० च्या केंद्रीय कायद्याने बेपत्ता मुलाची तक्रार आल्यास पोलिसांनी ठरावीक काळ वाट पाहण्याची प्रथा निषिद्ध ठरविली आणि मुलाची माहिती विनाविलंब राष्ट्रीय संगणकीय नोंदीत भरणे आवश्यक केले. टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे १९९६ मध्ये झालेल्या एका बालिकेच्या अपहरणानंतर ‘अँबर अलर्ट’ ही तातडीची सूचनाप्रणाली आकारास आली.

परंतु या प्रत्येक तरतुदीला एक उंबरठा आहे. १९९० च्या कायद्याची अंमलबजावणी तक्रारीपासून सुरू होते. अँबर अलर्ट देण्यासाठी मुलाचे अपहरण झाले आहे असे मानण्यास सबळ आधार असावा लागतो. घरातून स्वतःहून निघून गेल्याचे गृहीत धरलेल्या मुलांना ही सूचना लागू होत नाही. त्यामुळे ‘बेपत्ता’ आणि ‘पळून गेलेली’ या दोन शब्दांतील निवड केवळ भाषिक राहत नाही. पहिल्या शब्दाने शोध सुरू होतो, दुसऱ्या शब्दाने दोष मुलीकडे जातो. गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय किशोरीच्या बाबतीत दुसरा शब्द किती सहज वापरला जातो, याकडे अमेरिकेतील कार्यकर्त्यांनी सातत्याने लक्ष वेधले आहे. डेरिका विल्सन आणि नॅटली विल्सन यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ ही संस्था याच प्रश्नावर कार्य करते.

प्रसारमाध्यमांतही हा भेद दिसून येतो. गोऱ्या, मध्यमवर्गीय तरुणी बेपत्ता झाल्या की त्यांच्या बातम्या देशभर गाजतात, इतरांच्या गाजत नाहीत. ज्येष्ठ पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये या प्रवृत्तीला ‘बेपत्ता गोरी स्त्री’ असे लक्षण-नाम दिले, ते पुढे रूढ झाले.

२०१७ च्या मार्च महिन्यात वॉशिंग्टनमध्ये हा प्रश्न अकस्मात ऐरणीवर आला. शहर पोलिसांच्या युवक विभागाच्या प्रमुख शॅनेल डिकर्सन यांनी बेपत्ता मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर नियमितपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला होता. ती पाहून शहरात मुली अचानक मोठ्या संख्येने नाहीशा होत आहेत असा समज पसरला. एका दिवसात चौदा मुली बेपत्ता झाल्याचा मजकूरही सर्वदूर फिरला. तो खरा नव्हता. प्रमाण वाढलेले नसून केवळ प्रसिद्धी वाढली आहे, असे पोलिसांनी स्पष्ट केले आणि आकडेवारीच्या दृष्टीने ते योग्य होते.

तरीही हा प्रसंग निव्वळ अफवा म्हणून बाजूला सारता येत नाही. नागरिकांना जे नवे वाटले ते वस्तुतः जुने होते. मुली पूर्वीही नाहीशा होत होत्या, फक्त त्यांची छायाचित्रे कोणी एकत्र पाहिली नव्हती. ‘संख्या वाढलेली नाही’ हे उत्तर अधिकाऱ्यांच्या दृष्टीने दिलासा देणारे असले, तरी आईवडिलांच्या दृष्टीने तेच अधिक भयंकर होते. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने त्याच महिन्यात केंद्रीय तपासयंत्रणेकडे मदतीची मागणी केली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने १२ ते २५ वयोगटातील बेपत्ता कृष्णवर्णीय युवकयुवतींसाठी ‘एबनी अलर्ट’ ही स्वतंत्र सूचनाप्रणाली १ जानेवारी २०२४ पासून लागू केली. अँबर अलर्टचा उंबरठा ज्यांना ओलांडता येत नाही, त्यांच्यासाठी हे दुसरे दार म्हणता येईल.

या पार्श्वभूमीवर क्लॉडियाचा शोध वाचला असता त्याचा अर्थ विस्तारतो. तिच्या मैत्रिणीविषयी तक्रार नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून छायाचित्र नाही. छायाचित्र नाही, म्हणून शोध नाही. तक्रार करण्याचा अधिकार ज्या पालकाला, त्यानेच गुन्हा केलेला आहे. सर्व व्यवस्था पालक हा मुलाचा हितचिंतक असतो या गृहीतावर उभी आहे. बहुतेक घरांत हे गृहीत खरे असते. जेथे ते खोटे ठरते, तेथे व्यवस्थेकडे दुसरा मार्ग नसतो. अशा वेळी शेजारी, शिक्षक आणि मैत्रीण हेच काय ते साक्षीदार उरतात.

कादंबरीची मर्यादा

घरातील गुन्हा आईच्या हातून घडलेला दाखविल्यामुळे गरीब कृष्णवर्णीय मातेविषयीच्या रूढ पूर्वग्रहाला खतपाणी मिळते काय, असा प्रश्न उपस्थित करता येतो. मंडेची आई आपल्याला प्रामुख्याने क्लॉडियाच्या भेदरलेल्या नजरेतून दिसते. तिच्या मनाचा उलगडा त्यामुळे अपुरा राहतो. लेखिकेने क्लॉडियाचे प्रेमळ कुटुंब त्याच वस्तीच्या परिसरात उभे करून हा धोका काही अंशी टाळला आहे. दारिद्र्य किंवा वर्ण यांतून क्रौर्य आपोआप उद्भवत नाही, हे त्यातून सूचित होते. जॅक्सन यांच्या ‘अलेजेडली’ (२०१७) या पहिल्या कादंबरीतही आई आणि मुलगी यांच्या काळोख्या नात्याचा वेध आहे. त्यामुळे हा विषय त्यांच्या लेखनात सहज म्हणून आलेला नाही, असे म्हणता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘मंडेज् नॉट कमिंग’ ही कादंबरी शोधकथेचा प्रश्न बदलते. हरवलेली मुलगी कोठे आहे या प्रश्नाआधी ती हरवली आहे हे कोण मान्य करणार, हा प्रश्न ती उभा करते.

२. शोधाला सर्वात मोठा अडथळा शत्रुत्वाचा नसून पटण्याजोग्या खुलाशाचा असतो. घर, शाळा आणि पोलीस यांची उत्तरे सुटी सुटी समाधानकारक वाटतात. ती एकत्र ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

३. मैत्रिणीचे ज्ञान हे प्रत्यक्ष सहवासातून आलेले असल्याने सर्वात आधीचे आणि सर्वात विश्वसनीय ठरू शकते. मात्र संस्थांच्या नोंदीत त्याला स्थान नसते. तीच मैत्री संकोचापोटी महत्त्वाची गोष्ट झाकूनही ठेवू शकते.

४. वॉशिंग्टन आणि डेट्रॉइट येथील घटनांवरून असे दिसते की मूल शाळेच्या पटावरून कमी होणे हा प्रशासनाच्या लेखी प्रकरणाचा शेवट असतो. वस्तुतः तेथून चौकशीचा आरंभ व्हावयास हवा.

अध्यापनाच्या क्षेत्रातील वाचकांना यातील अखेरचा मुद्दा विशेष विचारार्ह वाटेल. वर्गात दररोज नावे पुकारली जातात. उत्तर न आल्यास रकान्यात एक खूण होते आणि पुढचे नाव पुकारले जाते. सलग अनुपस्थितीनंतर नाव कमी होते आणि पट पुन्हा नीटनेटका दिसू लागतो. त्या वर्गात कोणीतरी एक विद्यार्थिनी अशी असते, जिला शेजारची रिकामी जागा रोज दिसत असते. ती काही सांगू पाहत असेल, तर तिचे बोलणे लहान वयाचे म्हणून बाजूला न सारता ऐकून घेणे आणि दोन निरनिराळी उत्तरे मिळाल्यास दोन्ही लिहून ठेवणे, एवढे तरी शिक्षकाच्या हाती असते. क्लॉडियाला असा ऐकणारा वेळेवर मिळाला नाही. मिळाला असता तर मंडे वाचली असती काय, हे कादंबरी सांगत नाही. ती कोठे आहे, हा प्रश्न विचारणारी एकच मुलगी एकटी मात्र राहिली नसती.